विक्रम पटेल यांचं संशोधन कुठून वाचायला घ्यावं, आणि त्यातलं आपल्या तालुक्यात काय चालेल?

समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गातल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "मानसिक आरोग्यावर काहीही वाचायला घेतलं की विक्रम पटेल हे नाव येतंच. निबंध शेकड्यांनी आहेत. मानसोपचाराची पदवी नसलेली माणसंही नैराश्यावर उपचार करू शकतात हे त्यांनी सिद्ध केलं, एवढंच सगळे सांगतात. नेमकं काय सिद्ध झालं? वाचायला कुठून घेऊ? आणि आमच्या तालुक्यातल्या आशाताईंना घेऊन हे करता येईल का?"

शेवटचा प्रश्न आधी घेऊ. करता येईल, पण दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि हातात एक पुस्तिका देऊन नाही. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातला जो भाग सगळ्यात जास्त उद्धृत होतो तो "कोणीही करू शकतं" हा, आणि जो सगळ्यात जास्त गाळला जातो तो "कशाच्या आधाराने" हा. तो दुसरा भाग त्यांच्या निबंधांत लपवलेला नाही, अगदी तपशिलात लिहिलेला आहे. म्हणून वाचायला घेताना यशाच्या बातम्यांपासून सुरुवात करू नका. उपचाराच्या चाचण्यांपैकी जिथे उपचार चालला नाही, ते निबंध आधी काढा.

ओळख थोडक्यात. पटेल मुंबईचे. मुंबईत डॉक्टर झाले, रोड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले, मानसोपचाराचं प्रशिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतलं. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात दोनेक वर्षं झिंबाब्वेत हरारेला संशोधन केलं. मग गोव्यात आले आणि १९९६ मध्ये काही सहकाऱ्यांबरोबर मानसिक आरोग्यावर काम करणारी 'संगाथ' ही संस्था उभी केली. पुढे लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन आणि नंतर हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये प्राध्यापक झाले. पदं मोठी असली तरी प्रबंधासाठी त्यांचा उपयोग नाही. उपयोग आहे तो हरारे आणि गोवा या दोन ठिकाणच्या कामाचा.

हरारेपासून सुरू करा. तिथे प्रश्न असा होता की शोना भाषेत 'डिप्रेशन'ला थेट शब्द नाही, मग इंग्रजी प्रश्नावलीचं भाषांतर करून मोजायचं तरी काय? पटेल यांच्या गटाने उलटा रस्ता धरला. रुग्ण, परिचारिका आणि पारंपरिक वैदू यांच्याकडून दुःखाचे शब्द गोळा केले. त्यांत सारखा येणारा शब्द होता 'कुफुंगिसिसा', म्हणजे अति विचार करणं. या शब्दांमधूनच १४ हो-नाही प्रश्नांची शोना प्रश्नावली तयार झाली आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. विद्वत्तेचा प्रभाव कसा दिसतो याचं मला आवडणारं उदाहरण हेच आहे. २०१६ मध्ये डिक्सन चिबांडा यांच्या गटाने हरारेच्या २४ दवाखान्यांत 'फ्रेंडशिप बेंच'ची चाचणी केली. दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून स्थानिक आरोग्य कार्यकर्त्या, ज्यांना लोक प्रेमाने आज्जी म्हणतात, रुग्णाला एकेक अडचण सोडवायला शिकवत. ५७३ रुग्णांच्या या चाचणीचं मुख्य मोजमाप होतं तीच १४ प्रश्नांची शोना प्रश्नावली. सहा महिन्यांनी उपचार-गटाची सरासरी १४ पैकी ३.८१ होती, तुलना-गटाची ८.९० (गुण कमी म्हणजे त्रास कमी). जवळपास वीस वर्षांपूर्वी शब्द गोळा केले नसते तर हा फरक मोजायला फूटपट्टीच नसती. २०१३ च्या अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात, डीएसएम-५ मध्ये, सांस्कृतिक संकल्पनांच्या यादीत 'कुफुंगिसिसा' आहे.

मराठीत हे काम करायचं तर पायऱ्या त्याच. आधी ओपीडीत आणि घरी जाऊन बायका-पुरुष काय शब्द वापरतात ते जसंच्या तसं लिहून घ्या: डोक्यात विचार फिरतात, जीव घाबरा होतो, टेन्शन आलंय, अंगात त्राण नाही, कशातच मन लागत नाही. 'उदास' हा शब्द पुस्तकात सहज येतो, बोलताना फार कमी. मग दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचं, तिसऱ्याने मूळ न पाहता परत इंग्रजीत आणायचं. इथे बहुतेक जण थांबतात आणि इथेच चुकतात, कारण परत केलेलं भाषांतर जुळलं म्हणजे प्रश्न समजला असं होत नाही. पुढची पायरी म्हणजे दहा-पंधरा जणांना प्रश्न वाचून दाखवायचा आणि विचारायचं, "तुम्हाला इथे काय विचारलंय असं वाटलं?" पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीतल्या थकव्याच्या प्रश्नाला शेतमजूर बाई "निम्म्याहून जास्त दिवस" म्हणते तेव्हा ती आजार सांगते आहे की खुरपणीचा हंगाम, हे या पायरीवर कळतं. सर्वांत शेवटी मानसोपचारतज्ज्ञाच्या मुलाखतीशी ताडून कितीच्या पुढे आजार धरायचा तो आकडा ठरवायचा. दुसऱ्या राज्यातून किंवा शहरी रुग्णालयातून तो आकडा उसना आणला तर निम्मी गणितं तिथेच बिघडतात.

गोव्यातल्या सुरुवातीच्या कामातले दोन निबंध मराठी वाचकाने चुकवू नयेत. पहिला २००२ चा, म्हापशाच्या रुग्णालयात बाळंत झालेल्या आयांवरचा. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं. त्यांतल्या ७८ टक्के जणींना गरोदरपणातच मानसिक त्रास होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टी होत्या गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं आणि मुलगी होणं. हा निबंध वाचल्यावर 'बाळंतपणानंतरचं नैराश्य' हा शब्दप्रयोगच अपुरा वाटतो. चौकशी सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीतच करायला हवी.

दुसरा २००५ चा, 'अंगावरून पांढरं जाणं' या तक्रारीवरचा, गोव्यातल्या सुमारे अडीच हजार बायकांचा. या तक्रारीमागे जंतुसंसर्ग असतो असं धरून सरकारी कार्यक्रमात सरसकट अँटिबायोटिक गोळ्या देण्याची पद्धत होती. निबंधात दिसलं की तक्रारीचा संबंध संसर्गापेक्षा मानसिक-सामाजिक त्रासाशी अधिक घट्ट होता. कंबरदुखी, अशक्तपणा, पांढरं जाणं हे ऐकून गोळी लिहून देणाऱ्या प्रत्येक ओपीडीसाठी हे महत्त्वाचं आहे. अर्थात यावरून तपासणी न करता "मनाचं आहे" म्हणून बाईला परत पाठवायचं नाही. आधी तपासा, संसर्ग असेल तर उपचार करा, आणि दोन्ही परिस्थितींत झोप, काळजी आणि घरातली मारहाण यांबद्दल विचारा.

आता अपयशाकडे. २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेली गोव्यातली चाचणी: ४५० रुग्ण, चिठ्ठीने पाडलेले तीन गट. एकाला फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, तिसऱ्याला मानसशास्त्रीय उपचार. दोन महिन्यांनी औषध खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं, पण मानसशास्त्रीय उपचार खोट्या गोळीपेक्षा सरस ठरला नाही. बोलून उपचार करण्याच्या बाजूने पुढे इतकं लिहिणाऱ्या माणसाची ही सुरुवात आहे. हा निकाल त्यांनी पहिल्या दर्जाच्या नियतकालिकात स्वतःच्या नावाने छापला, याचं मोल मला फार वाटतं. पुढची सगळी आखणी या निकालाच्या प्रकाशात वाचा. उपचार रुग्णाच्या रोजच्या अडचणींशी जुळला आहे का, त्याला तो पटतो का, दवाखान्यात पुन्हा पुन्हा येणं त्याला परवडतं का, हे प्रश्न त्यानंतरच्या कामात केंद्रस्थानी आले.

२०१० मध्ये 'मानस' चाचणी आली. नाव 'मनशांती सुधार शोध' यातून घेतलेलं. (१४४१६ या क्रमांकाच्या सरकारी टेलि-मानस सेवेशी हिचा संबंध नाही. ती २०२२ मध्ये सुरू झाली, नावसाधर्म्यामुळे विद्यार्थी गोंधळतात.) २४ दवाखाने होते, १२ सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि १२ खासगी डॉक्टरांचे दवाखाने. सुमारे २,८०० रुग्ण. मानसोपचाराची पार्श्वभूमी नसलेले स्थानिक समुपदेशक नेमले, पण ते एकटे नव्हते. आधी आजाराची नीट माहिती आणि धीर, गरज असेल तर दवाखान्यातल्या डॉक्टरकडून औषध, त्याने भागलं नाही तर नातेसंबंधांवर काम करणारा बोलण्याचा उपचार, आणि वर भेट देणारा मानसोपचारतज्ज्ञ, अशी पायऱ्यापायऱ्यांची रचना होती.

निकाल सहा महिन्यांनी: उपचार-गटात ६५ टक्के बरे, तुलना-गटात ५२.९ टक्के. बहुतेक लेखांत एवढाच आकडा येतो. खरा धडा सरकारी आणि खासगी वेगळे केल्यावर दिसतो. सरकारी केंद्रांत ६५.९ विरुद्ध ४२.५. खासगीत ६४.१ विरुद्ध ६५.९, म्हणजे फरक जवळपास शून्य. उपचार-गटांतले दोन्ही आकडे जवळपास सारखे आहेत, हललाय तो तुलना-गट. खासगी दवाखान्यात नेहमीच्या पद्धतीनेच ६६ टक्के रुग्ण बरे होत होते. माझं वाचन असं की ओळखीचा डॉक्टर, नावाने हाक आणि पाच मिनिटं जास्त ऐकून घेणं हे फॅमिली डॉक्टरकडे आधीच होतं. समुपदेशकाने ते सरकारी केंद्रात नेऊन पोचवलं. तेव्हा तुमचा तालुका निवडताना आधी पाहा की सध्या तिथे रुग्णाला काय मिळतं. जिथे काहीच मिळत नाही तिथे फरक मोठा पडेल.

याच आकड्यांतून दुसरी गोष्ट शिका. काहीही विशेष न करता ४० टक्क्यांच्या आसपास लोक सहा महिन्यांत बरे होतात. म्हणून एखादी संस्था "आमच्याकडचे ६० टक्के रुग्ण सुधारले" असं सांगते तेव्हा पहिला प्रश्न विचारा: तुलना कोणाशी?

मग २०१७ मधल्या दोन चाचण्या, एकाच अंकात पाठोपाठ छापलेल्या, गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमधल्या. पहिली 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम', मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्यासाठी. पीएचक्यू-९ मध्ये २७ पैकी १५ किंवा जास्त गुण असलेले ४९५ रुग्ण. सहा ते आठ बैठका, प्रत्येकी ३० ते ४० मिनिटांच्या. तीन महिन्यांनी ६४ टक्के विरुद्ध ३९ टक्के लोक आजाराच्या रेषेखाली आले. फरक २५ टक्क्यांचा, म्हणजे चार जणांवर उपचार केले की एक जण असा बरा होतो जो एरवी झाला नसता. वर्षभराने पाहिलं तरी फायदा टिकून होता. दुसरी दारूचा घातक वापर करणाऱ्या पुरुषांसाठी, अभिजित नाडकर्णी पहिले लेखक. दारूचा वापर मोजणाऱ्या 'ऑडिट' प्रश्नावलीत १२ ते १९ गुण असलेल्यांना एक ते चार बैठका. ३६ विरुद्ध २६ टक्के सुधारले, आणि दारू पूर्ण बंद ठेवणारे ४२ विरुद्ध १८ टक्के. मात्र जे पीतच राहिले त्यांच्या रोजच्या प्रमाणात फरक पडला नाही. ऑडिटमध्ये २० किंवा वर गुण असणाऱ्याला या बैठकांत धरू नका. व्यसन जडलेल्या माणसाने एकदम दारू सोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला डॉक्टरकडेच न्यायचं.

नैराश्याच्या बैठकांचा गाभा साधा आहे. मन उतरलं की माणूस कामं आणि माणसं टाळतो, टाळलं की बरं वाटायची कारणं कमी होतात, आणि मन आणखी उतरतं. हे चाक उलटं फिरवायचं. पहिल्या एक-दोन बैठकांत ओळख आणि हे चाक रुग्णाच्याच आठवड्यातल्या उदाहरणाने समजावणं. मधल्या बैठकांत दिवसाची नोंद, कोणत्या वेळी मन कसं होतं ते पाहणं, मग छोटी कृती ठरवणं आणि आड येणारी अडचण सोडवणं. शेवटी काय उपयोगी पडलं त्याची उजळणी आणि त्रास परत आला तर काय करायचं याची तयारी. बिघडतं ते इथे: समुपदेशक उपदेश करू लागतो. "मन खंबीर करा", "मुलांकडे बघा" हे ऐकलं की रुग्ण मान हलवतो आणि पुढच्या खेपेला येत नाही. किंवा कृती फार मोठी ठरते. "रोज फिरायला जा" ही कृती नव्हे. "उद्या संध्याकाळी पाच वाजता शेजारच्या काकूंकडे दहा मिनिटं जाऊन बसायचं" ही कृती. किंवा ठरवलेल्या कृतीचं काय झालं हे पुढच्या बैठकीत विचारलंच जात नाही, आणि रुग्णाला कळतं की ते महत्त्वाचं नव्हतं. घरी भेट असेल तर सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असतो. त्यावर उपाय म्हणजे पहिली दहा मिनिटं सगळ्यांशी बोलायचं, मग "आता यांचे प्रश्न भरून घ्यायचे आहेत" म्हणून बाजूला बसायचं. या उपचाराची पुस्तिका संगाथने मोफत उपलब्ध केली आहे. ती आधी वाचा, या चाचणीचा निबंध नंतर.

पण पुस्तिकेपेक्षा महत्त्वाचं पर्यवेक्षण. गोव्यात समुपदेशक निवडताना पदवी मागितली नव्हती, तरी निवड काटेकोर होती: कार्यशाळा, त्यानंतर कित्येक महिने देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्ण, आणि त्यात जमलं त्यांनाच पुढे घेतलं. रुग्णाच्या संमतीने बैठक ध्वनिमुद्रित व्हायची. समुपदेशक गटाने ती ऐकायचे, ठरावीक मुद्द्यांवर प्रत्येक जण गुण द्यायचा, मग चर्चा. यावरचा वेगळा निबंध २०१४ मध्ये आला. समुपदेशकांनी एकमेकांना दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळले. याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. दर आठवड्याला मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याला यावा लागत नाही, गट स्वतःच गुणवत्ता राखू शकतो आणि तज्ज्ञ अधूनमधून पुरतो. हा तास रद्द झाला की उपचार महिन्या-दोन महिन्यांत गप्पांवर येतो.

कोण करतं यानेही फरक पडतो. २०१८ मध्ये छापलेली 'सेहर' चाचणी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या शाळांतली, सचिन शिंदे पहिले लेखक. शाळेतलं वातावरण आणि मुलांचं आरोग्य सुधारण्याचा एकच कार्यक्रम काही शाळांत खास नेमलेल्या समुपदेशकाने राबवला, काहींत शिक्षकांनी. समुपदेशकाच्या शाळांत फायदा दिसला, शिक्षकांच्या शाळांत नाही. आधीच खांद्यावर ओझं असलेल्या माणसाच्या यादीत आणखी एक काम घातलं की काय होतं ते इथे दिसतं, आणि तुमच्या आशाताईंच्या प्रश्नाला हे थेट लागू आहे.

महाराष्ट्रातलं काम वाचताना शीर्षकावर विसंबू नका. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांतला 'विश्राम' कार्यक्रम, राहुल शिधये पहिले लेखक, २०१७. नैराश्य असलेल्यांपैकी कुठे ना कुठे मदत घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. मोठी झेप आहे, आणि गावात राहून काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचं श्रेय आहे. पण मोजलं ते मदतीपर्यंत पोचणं. बरं होणं या आकड्यात येत नाही. शिवाय आधी आणि नंतर अशी पाहणी आहे, तुलनेची गावं नाहीत. तुमच्या प्रबंधात या दोन ओळी याच शब्दांत यायला हव्यात. मध्य प्रदेशातल्या सिहोरच्या कामाशी ताडून पाहा. तिथे आरोग्य केंद्रांतली सेवा सुधारूनही गावपातळीवरच्या पाहणीत उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण फारसं हललं नाही. दवाखान्यात सोय करणं आणि दारात जाऊन मागणी निर्माण करणं ही दोन वेगळी कामं आहेत. स्किझोफ्रेनियासाठी सुदीप्तो चटर्जी यांची २०१४ ची चाचणी पाहा, २८२ रुग्णांची. तिच्या केंद्रांत साताराही होतं. घरी जाऊन दिलेल्या आधाराचा फायदा झाला, पण माफक, आणि औषधोपचाराच्या जोडीने. दीर्घ आजारात एवढाही फायदा कुटुंबाला जाणवतो, तरी नैराश्यातल्या आकड्यांची अपेक्षा इथे धरू नका.

आत्महत्यांवरचा २०१२ चा निबंध वेगळ्या जातीचा आहे, तिथे उपचार नाही, मोजणी आहे. ११ लाख घरांच्या पाहणीत २००१ ते २००३ मधले मृत्यू घरच्यांशी बोलून आणि डॉक्टरांकडून कारण ठरवून नोंदवले. त्या प्रमाणांवरून २०१० साठी अंदाज काढला: १५ वर्षांवरील सुमारे १,८७,००० आत्महत्या, तर पोलिसी नोंदीत त्या वर्षी साधारण १,३४,६००. पुरुषांतल्या ४० टक्के आणि स्त्रियांतल्या ५६ टक्के आत्महत्या १५ ते २९ या वयातल्या. सुमारे निम्मे मृत्यू विषाने, मुख्यतः कीटकनाशकाने. आपल्याकडे हा विषय निघाला की कर्जबाजारी प्रौढ शेतकरी डोळ्यांसमोर येतो. तो खरा आहेच, पण त्याच घरातली बावीस वर्षांची सून मोजणीत कुठे असते हा प्रश्न या निबंधाने समोर आणला. कामाच्या दृष्टीने एकच सूचना: पीएचक्यू-९ मधल्या नवव्या, मरणाच्या विचारांच्या प्रश्नाला 'हो' आलं की एकूण गुण काहीही असोत, त्याच दिवशी पुढची विचारपूस, घरात फवारणीचं औषध कुठे आहे ते पाहून हलवणं, माणसाला एकटं न सोडणं आणि डॉक्टरशी संपर्क. हे कागदावर आधी ठरलेलं नसेल तर प्रश्नावली वाटूच नका.

प्रभाव मोजण्याबद्दल. उद्धरणांची संख्या पाहून भारावून जाऊ नका. शंभर-शंभर लेखकांच्या जागतिक निबंधांमुळे ती फुगते. या क्षेत्रात पहिलं नाव बहुधा प्रत्यक्ष काम चालवणाऱ्याचं आणि शेवटचं मार्गदर्शकाचं असतं. त्या दोन जागा पाहा. त्यात दिसेल की पटेल यांचं मोठं योगदान माणसं घडवण्यात आहे: नाडकर्णी, शिधये, शिंदे, चटर्जी हे स्वतः मोठ्या चाचण्यांचे पहिले लेखक आहेत. धोरणाच्या बाजूला २००७ ची 'लॅन्सेट'मधली जागतिक मानसिक आरोग्यावरची लेखमाला, २०१८ चा त्याच नियतकालिकाचा आयोग, आणि २०१४ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य धोरण, ज्याचा मसुदा करणाऱ्या गटात ते होते. २००३ मध्ये आलेलं त्यांचं 'व्हेअर देअर इज नो सायकायट्रिस्ट' हे पुस्तक आरोग्यसेवकांसाठी आहे. २०१८ ची दुसरी आवृत्ती शार्लट हॅनलन यांच्याबरोबरची, तीच घ्या. आणि सगळं एकट्याचं नाही हेही लिहा. युगांडात पॉल बोल्टन आणि चिलीत रिकार्डो आराया यांच्या नैराश्यावरच्या चाचण्या २००३ मध्येच आल्या होत्या, पाकिस्तानात आतिफ रहमान यांची २००८ मध्ये.

टीका टाळू नका. डेरेक समरफिल्ड यांनी पाश्चात्त्य निदानं जगभर लावण्याच्या शास्त्रीय आधारालाच आव्हान दिलं. पुण्यात बापू ट्रस्ट उभारणाऱ्या भार्गवी दावर यांनी सेवा घेणाऱ्यांच्या हक्कांच्या बाजूने जागतिक मानसिक आरोग्याच्या या चळवळीला प्रश्न विचारले. निदान उसनं आहे या आक्षेपाला हरारेचं काम काही अंशी उत्तर देतं. दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. गरिबी, मारहाण, मुलगी झाल्याचा राग ही कारणं पटेल यांच्याच निबंधांत आहेत, आणि आठ बैठकांनी ती जात नाहीत. २००३ मध्ये आर्थर क्लाइनमन यांच्याबरोबर त्यांनी गरिबी आणि मानसिक विकारांवर लिहिलं, त्यात सगळ्यात सातत्याने दिसलेला संबंध कमी शिक्षणाशी होता. बैठकीतून बाई बरी होऊन त्याच घरात परत जाते. म्हणून समुपदेशकाच्या वहीत घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी पाहणारा संरक्षण अधिकारी, विधी सेवा आणि रोजगार सेवक यांचे क्रमांकही हवेत.

शेवटी तुमच्या तालुक्याचं गणित. एका रुग्णाला आठ बैठका, ४० मिनिटांच्या, म्हणजे पाच तास वीस मिनिटं, प्रवास वेगळा. पूर्णवेळ समुपदेशक दिवसाला चार बैठका नीट घेऊ शकतो. आठवड्याला वीस, म्हणजे वर्षाला फार तर १२० रुग्ण, तेही कोणी मध्येच सोडलं नाही तर. आठवड्याचा अर्धा दिवस पर्यवेक्षणाचा धरा. आशाताईंकडे लसीकरण, बाळंतपणं आणि सर्वेक्षणं असताना हे तास कुठून येतील? म्हणून त्यांच्याकडे ओळखणं, दोन प्रश्न विचारणं आणि समुपदेशकापर्यंत आणून पोचवणं ठेवा, त्याचा मोबदला धरा, आणि बैठकांसाठी वेगळी माणसं नेमा. दोन प्राथमिक आरोग्य केंद्रं, चार समुपदेशक, एक अनुभवी पर्यवेक्षक, जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञाशी ठरलेला दिवस: एवढ्यावर सुरुवात होते. पूर्वी कधी अति उत्साहाचा, झोपेशिवाय धावपळीचा काळ येऊन गेला असेल, कानात आवाज येत असतील, किंवा थायरॉइड, रक्तक्षय यांची शंका असेल तर रुग्ण आधी डॉक्टरकडे. द्विध्रुवी आजारात नुसती नैराश्याची गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो.

प्रबंधाला विषय हवा असेल तर उपचाराची आणखी एक छोटी चाचणी करू नका, साठ-सत्तर रुग्णांत काहीच सिद्ध होणार नाही. त्यापेक्षा तुमच्या तालुक्यातल्या चाळीसेक बायका-पुरुषांशी बोलून त्रासाचे शब्द गोळा करा, पीएचक्यू-९ चा मराठी मजकूर त्यांना वाचून दाखवा आणि कोणता प्रश्न कोणाला कसा समजला ते नोंदवा. सहा महिन्यांत होणारं काम आहे. वाचनाचा क्रम: १९९७ हरारे, २००३ ची गोव्याची चाचणी, २०१० च्या निबंधातला सरकारी-खासगी तक्ता, २०१४ चा पर्यवेक्षणाचा निबंध, आणि मग २०१७.